नजरेआडचे गुण

‘गुण’ हा आपल्या भाषेतला मोठा गमतीचा शब्द आहे. औषधाला गुण येतो, आणि पोरगा गुण उधळतो. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही पण गुण लागतो. आणि निकालाचे दिवस आले की घरोघरी एकच प्रश्न असतो, ‘किती गुण पडले?’ म्हणजे माणसाच्या अंगी असलेली चांगली गोष्ट तीही गुण, आणि परीक्षकाने तांबड्या शाईने कागदावर लिहिलेला आकडा तोही गुणच. पुष्कळ भाषांत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत. आपण मात्र एकाच शब्दावर काम भागवले, आणि मला वाटते, त्यात आपला थोडा घोटाळा झाला. ज्याच्या गुणपत्रिकेवर गुण नाहीत त्याच्या अंगीही गुण नाहीत, असे आपण न बोलता धरून चालू लागलो.

मी मराठीचा प्राध्यापक आहे. शब्दांची चिकित्सा करणे हा माझा धंदाच. म्हणून प्रारंभी एवढा फाटा फोडला. आता मूळ विषयाकडे वळतो.

तुम्ही आपल्या गावात हुशार माणसे कोण, याची एकदा मनाशी यादी करून पाहा. वकील झालेला पाटलांचा मुलगा, पुण्याला नोकरीला असलेली गुरुजींची मुलगी, बँकेतला अमका, परदेशी गेलेला तमका, अशी नावे भराभर तोंडावर येतील. ही माणसे हुशार नाहीत असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. परंतु या यादीत आठवड्याच्या बाजारात भाजी विकणारी बाई येत नाही. गावातल्या प्रत्येक गाईम्हशीचा स्वभाव ठाऊक असलेला गुराखी येत नाही. ओळंबा लावण्यापूर्वीच भिंत कुठे कलली आहे ते सांगणारा गवंडी येत नाही. किंबहुना आपली आईसुद्धा त्या यादीत क्वचितच येते. का येत नाहीत? यांचे गुण लपवून ठेवलेले असतात काय? नाही हो! ते रोज आपल्या डोळ्यांसमोरच असतात. रोज दिसते म्हणूनच ते दिसेनासे होते.

बाजाराचेच उदाहरण घेऊ. आमच्याकडे मंगळवारचा बाजार भरतो. तिथे एक साठीच्या पुढची बाई वर्षानुवर्षे भाजीची टोपली घेऊन बसते. अलीकडे टोपलीच्या काडीला मोबाईलवरून पैसे घेण्याचा चौकटी-चौकटींचा कागद टांगलेला आहे, तो नातवाने आणून दिला. पण हिशेब अजून तिच्या डोक्यातच होतो. गवारीचा भाव अठ्ठेचाळीस रुपये किलो. गिऱ्हाईक म्हणते, पावणेतीन किलो दे. माप काट्यावर स्थिर व्हायच्या आत ती म्हणते, ‘एकशेबत्तीस.’ मी खिशातला मोबाईल काढून पडताळा पाहिला. एकशेबत्तीस! मी विचारले, ‘मावशी, हे कसं केलंत?’ तिला माझा प्रश्नच मोठा विचित्र वाटला. म्हणाली, ‘आवं सर, तीन किलोचं धरायचं आन् पावशेराचं सोडायचं. त्यात काय करायचं असतंय!’

आता ही रीत जरा उलगडून पाहा. तीन किलोचे झाले १४४. पाव किलोचे १२. एकशेचव्वेचाळीसांतून बारा गेले, राहिले १३२. आम्ही शाळेत शिकलेले लोक काय करतो? ४८ खाली २.७५ मांडतो, एकं-दहं-शतं करीत तीन ओळी लिहितो, हातचे धरतो, शेवटी दशांशचिन्ह कुठे द्यायचे म्हणून थांबतो. तिची वाट जवळची आहे, आणि खरे सांगावयाचे तर अधिक सुरक्षितही आहे. कारण तिने पहिल्या पावलालाच मोठी रक्कम हातात धरली. चूक झाली तरी रुपया-दोन रुपयांची होईल, शे-दोनशेंची होणार नाही.

ही बाई शाळेची पायरी चढलेली नाही. तशी ती सांगते. पण हिशेबाचे संस्कार आपल्या समाजात शाळेबाहेरही फार होते, हे विसरू नये. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही आपल्या आजोबा-पणजोबांची पाठांतरे. औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा. पंतोजींच्या शाळेत ती घोकून घेत, आणि ओटीवर चाललेले ते घोकणे घरातल्या मुलींच्या आणि दारातून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या कानांवर पडे. पुढे १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. त्या आधी रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार, म्हणजे रुपयाचे पैसे चौसष्ट. ते मोडून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्यापाठोपाठ शेर, पायली जाऊन किलोग्राम आणि लिटर आले. या उलथापालथीत सरकारने तक्ते छापले, कचेऱ्यांतून परिपत्रके फिरली. परंतु खरा पालट कोणी पेलला? बाजारात बसणाऱ्या निरक्षर बायांनी! जुन्या आण्यांत मोजणाऱ्या गिऱ्हाइकाशी नव्या पैशांत व्यवहार करावयाचा, आणि तोही तोट्यात न जाता. या परीक्षेचे प्रमाणपत्र मात्र त्यांना कोणी दिले नाही.

तुम्ही म्हणाल, ही एखाद्या बाईची गोष्ट झाली. त्याने काय सिद्ध होते? प्रश्न रास्त आहे. म्हणून एका प्रसिद्ध पाहणीची हकीकत सांगतो. शिक्षक बंधुभगिनींनी ती विशेष लक्ष देऊन वाचावी.

दक्षिण अमेरिकेत ब्राझील नावाचा देश आहे. त्याच्या ईशान्य किनाऱ्यावर रेसीफे हे मोठे शहर. तिथे गरीब घरांतली मुले आईबापांबरोबर रस्त्यावर नारळ, कलिंगडे, मक्याची कणसे असा माल विकत. तेरेझिन्हा कॅराहर, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लीमन या तीन मानसशास्त्रज्ञांनी अशा पाच मुलांचा अभ्यास केला आणि तो १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. मुले नऊ ते पंधरा वर्षांची होती. अभ्यासक प्रथम साधी गिऱ्हाइके होऊन गेले. इतके नारळ घेतले तर किती, पाचशेची नोट दिली तर परत किती, असे विचारले. मुलांची उत्तरे शेकडा अठ्ठ्याण्णव बरोबर आली! मग काही दिवसांनी त्याच मुलांना कागद-पेन्सिल देऊन बसवले, आणि त्याच जातीची, तेवढ्याच आकड्यांची गणिते घातली. काही गणिते शब्दांत मांडलेली होती. त्यांत शेकडा सुमारे चौऱ्याहत्तर उत्तरे बरोबर आली. बाकीची नुसत्या आकड्यांची होती, ‘अमुक गुणिले अमुक’ अशी. त्यांत शेकडा सदतीसच! मुले तीच, डोकी तीच, आकडेही त्याच तोडीचे.

त्यांतल्या बारा वर्षांच्या एका मुलाची गोष्ट तर मला फारच बोधक वाटते. नारळ पस्तीस क्रुझेरोंना एक. क्रुझेरो हे त्या वेळचे तिथले नाणे. गिऱ्हाईक म्हणाले, चार नारळ दे, किती झाले? मुलाने तीन नारळांचे एकशेपाच धरले. त्याला ती रक्कम पाठ होती. नारळ बहुधा तीन-तीनच जात असावेत. त्यात चौथ्याचे तीस घातले, एकशेपस्तीस; राहिलेले पाच घातले, एकशेचाळीस. उत्तर बरोबर. पुढे त्याच मुलाला कागदावर ३५ गुणिले ४ करावयास दिले. त्याने केले असे: चार पाचे वीस, शून्य मांडले, हातचे दोन. ते हातचे दोन आधीच तिनात मिळवले, झाले पाच. मग चार पाचे वीस. उत्तर लिहिले २००!

आता सांगा, हा मुलगा ‘ढ’ आहे काय? ज्या मास्तरांनी त्याचा केवळ कागद पाहिला, ते निःशंकपणे भोपळा देतील. ज्यांनी त्याला नारळ विकताना पाहिले, ते त्याची पाठ थोपटतील. चूकसुद्धा किती समजण्यासारखी आहे, पाहा. हातचा आधी मिळवावयाचा की नंतर, एवढाच गोंधळ. परंतु तो गोंधळ त्याच्या ध्यानात आला नाही, कारण कागदावरचे ३५ हे त्याच्या दृष्टीने नारळाचे मोल नव्हतेच. ती नुसती चिन्हे होती. चार नारळांचे दोनशे होतात असे बाजारात कोणी म्हटले असते, तर तो हसला असता.

आणि हे ब्राझीलमध्येच घडते असे समजू नका. आपल्याच देशात, कलकत्ता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांची अशीच पाहणी झाली, आणि ती २०२५ मध्ये ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात आली. अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारे अभिजित बॅनर्जी व एस्तेर दुफ्लो हे त्या अभ्यासकांत होते. निष्कर्ष दुहेरी निघाला, आणि त्याची दुसरी बाजू अधिक विचार करावयास लावणारी आहे. बाजारातली मुले तोंडी हिशेबात तरबेज, परंतु पुस्तकी गणितात अडखळतात, हे तर दिसलेच. पण केवळ शाळेत जाणारी मुले पुस्तकी गणित जरा बरे करतात आणि बाजारातला साधा हिशेब पुढे आला की गांगरून जातात, हेही दिसले. म्हणजे दोघांच्याही जवळ अर्धे-अर्धे आहे, आणि मध्ये पूल कोणीच बांधलेला नाही.

हा पूल न बांधल्याची किंमत कोण देतो? बाजारातला मुलगा देतो. शाळेतला मुलगा हिशेबात कच्चा राहिला तरी पदवी घेऊन निघतो. बाजारातला मुलगा दोन-तीनदा पाटीवर भोपळा पाहतो, चारचौघांत ‘ढ’ म्हणवून घेतो, आणि एक दिवस शाळेत यायचा थांबतो. आपण म्हणतो, परिस्थितीमुळे शाळा सुटली. परिस्थिती असतेच, परंतु आपल्याला काही येत नाही हा समज घेऊन तो जातो, आणि जे येत असते त्याला त्याच्या लेखीही मोल उरत नाही. माझ्या मते ही नुकसानी पैशांच्या नुकसानीहून मोठी आहे.

तेव्हा शिक्षकांना माझी एक साधी विनंती आहे. मुलाचे उत्तर चुकले की लगेच फुली मारू नका. ‘कसं केलंस, सांग बघू’ एवढे विचारा. आणि उत्तर बरोबर आले तरीही विचारा! पुष्कळदा मुलाच्या रीतीत शहाणपण असते आणि चूक फक्त लिहिण्यात असते. ज्याला तीन किलोचे धरून पावकिलोचे सोडता येते, त्याला कंसाचे गणित शिकवणे किती सोपे आहे, पाहा: अठ्ठेचाळीस गुणिले कंसात तीन वजा एकचतुर्थांश. रीत त्याच्याजवळ आहेच. तिला लिपी तेवढी द्यावयाची आहे.

हिशेबाचे एवढे पुरे. दुसऱ्या एका गुणाकडे वळू, तो म्हणजे निरखण्याचा. शेतात काम करणाऱ्या माणसाची नजर हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे एक लहान गाव आहे. मराठवाड्यातले नांदेड नव्हे. तिथे दादाजी खोब्रागडे हे शेतकरी राहत. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. साधारण १९८३ च्या सुमारास, पटेल-३ या धानाच्या पिकात त्यांना काही लोंब्या निराळ्या दिसल्या. रंग जरा पिवळसर, दाण्याचा घाट वेगळा. तुम्हीआम्ही तिथून गेलो असतो तर हिरवे शेत पाहून ‘वा, काय छान’ म्हटले असते आणि पुढे निघालो असतो. त्यांनी त्या लोंब्या खुडल्या, वेगळ्या ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या. आलेल्या पिकातून पुन्हा निवड केली. असे काही वर्षे चालले. त्यातून एक बारीक दाण्याचे, चवीला उत्तम, भरघोस उत्पन्नाचे वाण सिद्ध झाले. त्या काळी एचएमटीची मनगटी घड्याळे फार लोकप्रिय होती. धानाचा भाव करणाऱ्या व्यापाऱ्याला नाव हवे होते, त्याने त्या घड्याळाचेच नाव देऊन टाकले. आज एचएमटी तांदूळ महाराष्ट्राबाहेरच्या राज्यांतही पिकतो आणि खाल्ला जातो. तुमच्या ताटातही तो कधीतरी आला असेल.

यात शास्त्र काय आहे, तेही थोडक्यात सांगतो. धानाच्या फुलात परागीकरण बहुतेक आतल्या आतच होते. शेजारच्या रोपाचे पराग क्वचितच येतात. त्यामुळे एखाद्या रोपात काही वेगळेपण उपजले आणि ते रोप निराळे राखून पिढ्यानपिढ्या पेरले, तर ते वेगळेपण टिकून राहते. बाजरीचे तसे नाही. तिच्यात वाऱ्याबरोबर परके पराग येऊन सगळी सरमिसळ होते. दादाजींना परागीकरण हा शब्द माहीत असो वा नसो, ‘वेगळे दिसले तर वेगळे राख, आणि धीर धर’ ही निवड-पद्धतीची रीत त्यांनी अचूक पाळली. प्रयोगशाळेत हेच करावयास कुंपणे, नोंदवह्या, मदतनीस लागतात. त्यांच्यापाशी दीड एकर होते.

पुढची हकीकत मात्र तितकी गोड नाही. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने या वाणातून शुद्ध केलेले बियाणे १९९८ मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ नावाने प्रसारित केले. मूळ शोधकर्त्याला त्यात न्याय्य श्रेय मिळाले नाही, अशी दादाजींची तक्रार शेवटपर्यंत राहिली. राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते २००५ मध्ये त्यांचा सन्मान झाला, वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. तरी २०१८ मध्ये ते वारले तेव्हा त्यांची गरिबी पुरती हटलेली नव्हती. ज्यांचा तांदूळ लाखो लोक खातात, त्यांच्या घरची ही स्थिती! शेतकऱ्याने स्वतः तयार केलेल्या वाणाची नोंदणी त्याच्याच नावे व्हावी, अशी सोय आपल्या देशात २००१ च्या पीक-वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने झाली आहे. तुमच्या गावात कोणापाशी असे निराळे बियाणे असेल, तर हा कायदा त्यांच्या कानावर घाला. तो वाचून समजावून सांगणे हे शिकलेल्या माणसाचे काम आहे.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव तुम्ही ऐकलेच असेल. शाळेत न गेलेल्या या बाईंनी गावरान बियाणी राखली, आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून इथे विस्तार करीत नाही. मला दुसरीच एक गोष्ट सांगावीशी वाटते. बियाणे राखणे हे काम आपल्याकडे पूर्वीपासून बहुतकरून बायकांचेच. राखेत घोळलेले वाल, शेण-मातीने लिंपलेल्या कणगीतली ज्वारी, चुलीवरच्या धुरात टांगलेली मक्याची कणसे. राख का, तर कीड लागत नाही. धूर का, तर ओल राहत नाही. हे त्या कोणत्या पुस्तकात वाचत होत्या? आपण मात्र त्या कामाला ‘घरकाम’ म्हणून बाजूला सारले.

आता तिसरा गुण, आणि तो माझ्या विषयाच्या अगदी जवळचा: शब्दांचा.

बहिणाबाई चौधरी यांचे नाव न ऐकलेला मराठी माणूस विरळा. जन्म १८८० चा, जळगावजवळच्या असोद्याचा. लहान वयात लग्न, तरुणपणीच वैधव्य, पदरी मुले, शेतीची आणि घरची कष्टाची कामे. लिहिता-वाचता येत नव्हते. काम करता करता त्या लेवा गणबोलीत गाणी रचीत आणि म्हणत. त्यांचे पुत्र सोपानदेव हे स्वतः नावाजलेले कवी. त्यांनी आणि आणखी एका आप्ताने यांतली काही गाणी वेळोवेळी उतरवून ठेवली. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली, आणि अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. सही न करता येणाऱ्या बाईचे नाव पदवीधरांच्या प्रमाणपत्रावर छापले जाते!

या हकीकतीचे आपण कौतुक करतो, ते योग्यच आहे. परंतु मला तिच्यातली एक गोष्ट नेहमी बेचैन करते. समजा, बहिणाबाईंचा मुलगा कवी नसता; समजा, त्याला आईच्या तोंडचे बोल लिहून ठेवण्याची बुद्धी झाली नसती. मग काय झाले असते? गाणी तीच असती, प्रतिभा तीच असती, आणि आपल्याला त्यांचा पत्ताही लागला नसता. अत्रे भेटले ही पुढची गोष्ट. आधी घरातच कोणीतरी कान देणारे होते, हे महत्त्वाचे. अशा किती घरांत कान देणारे कोणी नव्हते, याचा हिशेब कोण करणार?

थोडासा हिशेब झाला आहे, तो सांगतो. पहाटे जात्यावर बसून बायका ओव्या म्हणत. दळणाला ताल हवा, हाताला विसावा हवा, आणि मनालाही. सासूला, दिराला, नवऱ्याला तोंडावर जे बोलता येत नाही, ते जात्याला सांगता येई. माहेर, भाऊ, लेकीचे सासर, पंढरीचा विठ्ठल, दुष्काळ, सगळे त्यात येई. साने गुरुजींनी अशा ओव्या गोळा करून ‘स्त्री-जीवन’ हा संग्रह केला. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवाँ यांनी कार्यकर्त्या बायांना बरोबर घेऊन वर्षानुवर्षे हजाराहून अधिक गावे पालथी घातली आणि एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. एक लाख! आणि त्या कोणा एका व्यास-वाल्मीकीच्या नव्हेत. भाकऱ्या थापणाऱ्या, गवत कापणाऱ्या, धुणी धुणाऱ्या हजारो बायांच्या. ‘आम्हाला काय येतंय’ असे म्हणतच त्यांतल्या बहुतेकींनी सुरुवात केली असणार. कारण असे विचारावयास गेले की पहिले उत्तर तेच येते.

पिठाची गिरणी आली आणि जाते थांबले. बायांचे कष्ट वाचले, हे फार चांगले झाले. जात्याचे गोडवे गाणाऱ्या पुरुषाने आधी चार पहाटे पायलीभर दळून पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु जाते थांबले तसे गाणेही थांबले, कारण ते गाणे कामाला बांधलेले होते. आता लग्नघरी हळद दळताना जात्याची पूजा होते, तेव्हा दोन ओव्या कानी पडतात, एवढेच. गुण असा प्रसंगाला चिकटून असतो. प्रसंग गेला की गुण असूनही तो मुका होतो. तुमच्या घरातली आजी कोपऱ्यात गप्प बसून असते. तिच्यापाशी बोलण्यासारखे काही नाही म्हणून नव्हे. ज्या कामात ती बोलकी होई, ते काम घरात उरले नाही म्हणून.

आणखी एक गोष्ट. ‘अंदाजपंचे’ हा शब्द आपण हेटाळणीने वापरतो. पण वीस माणसांच्या पंगतीला किती डाळ भिजवावी, भाकरीच्या पिठाला पाणी किती ऊन हवे, तळणाच्या तेलात पिठाचा ठिपका टाकून तो किती वेळात वर येतो यावरून तेल तापले की नाही हे ओळखणे, हा अंदाज हवेतला नव्हे. त्यामागे हजारो वेळा केलेली आणि चुकून सुधारलेली मोजमापे असतात. फक्त ती हातात साठलेली असतात, तोंडाने सांगता येत नाहीत. विचारले तर उत्तर येते, ‘हाताला कळतं.’ हे उत्तर टाळाटाळीचे नव्हे, अगदी खरे आहे. पोहणाऱ्याला विचारा, तू बुडत का नाहीस? त्यालाही नीट सांगता येणार नाही.

येथे थोडी सावधगिरीही सांगतो, नाहीतर हा विषय फार लवकर गुळचट होतो. हल्ली ‘चिंध्यांतले माणिक’ शोधून त्याचे छायाचित्र घेण्याची हौस वाढली आहे. मोबाईलवर दोन मिनिटांची चित्रफीत फिरते, लोक हात जोडतात, आणि माणिक चिंध्यांतच राहते. अडाणी माणसाला उपजतच सगळे शहाणपण असते, शाळेची गरजच काय, असेही बोलणारे भेटतात. हे बोलणे बहुधा ज्यांची स्वतःची मुले उत्तम शाळेत असतात, त्यांच्याच तोंडी असते! रेसीफेच्या त्या मुलाला नारळाचा हिशेब येत होता, म्हणून त्याला नारळच विकू द्यावेत काय? बाजारातल्या मावशींच्या नातवाने मोबाईलचा कागद आणून दिला, तो शाळेत गेला म्हणूनच ना! गुण ओळखणे म्हणजे त्या माणसाला आहे तिथेच ठेवून ओवाळणे नव्हे. त्याच्या कामाचा योग्य दाम द्यावा, त्याचे श्रेय त्याला द्यावे, त्याच्या मुलाला पुढची वाट मोकळी करावी.

सगळ्यांचेच गुण असे गाजण्याजोगे असतात, असेही नाही. गावात एखादा असा असतो की तो येताच दोन भावांचे भांडण निवते. तो काही विशेष बोलतही नाही. एखादी बाई लग्नाच्या पंगतीत नेमके कोण लाजून अर्धपोटी उठते आहे, ते हेरते. याला पुरस्कार नाही आणि नसावाही. ‘तुम्ही होता म्हणून निभावलं’ असे एक वाक्य त्यांना ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हटले, तरी पुरे.

आता शिक्षकांसाठी एक काम सुचवून रजा घेतो. दिवाळीच्या सुट्टीत नेहमीच्या निबंधाऐवजी मुलांना सांगा, घरातल्या किंवा आळीतल्या एका माणसापाशी बसा आणि त्याला जे येते ते कसे येते, हे लिहून आणा. आजीची ओवी, आजोबांची पाऊस ओळखण्याची खूण, शेजारच्या सुतारकाकांची लाकूड पारखण्याची रीत, काहीही चालेल. शब्द त्यांच्याच बोलीत लिहावे. मुलांनी ते ‘शुद्ध’ करण्याच्या भरीस पडू नये, आणि तुम्हीही तांबडी शाई जरा दूर ठेवावी. पहिल्या दिवशी ‘मला काय येतंय’ असे उत्तर मिळाले, तर दुसऱ्या दिवशी हातात काम असताना विचारावे. निवडायला तांदूळ घेऊन बसले की माणूस आपोआप बोलू लागतो. ज्यांनी सांगितले त्यांना ते लिहिलेले मुलांनी वाचून दाखवावे, आणि ते सुधारा म्हणतील तिथे सुधारावे. आणि वहीच्या प्रत्येक पानावर, मुलाने आपले नाव लिहिण्याआधी, ज्यांनी सांगितले त्यांचे पूर्ण नाव, गाव आणि तारीख लिहावी.